पुनरुक्तीचा अर्थ

मावळांतील पहांट एके काळीं जात्याच्या घरघरीनें उजाडत असे. आंदर मावळ, नाणें मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत पिठाची गिरणी पोहोंचण्यापूर्वी कांडण आणि दळण हीं घरच्या बायकांचीं नित्याचीं कामें होतीं. आणि दळणाबरोबर ओवी ही ठरलेलीच. ती ओवी गाणारीनें स्वतः रचलेली असावी असें क्वचित् घडे. आईकडून, आजीकडून, सासूकडून, शेजारणीकडून ऐकलेल्या ओव्या तिच्या कंठांत सांठलेल्या असत. त्यांतील नेमकी एखादी ती त्या पहांटे उचली. सीतेचा वनवास पिढ्यान् पिढ्या गाइला गेला होता आणि शब्द सर्वांच्या परिचयाचे होते. परंतु जिच्या माहेरचें माणूस वर्षभर फिरकलें नाहीं अशी सासुरवाशीण तो गाऊं लागली, म्हणजे तो वनवास तिचा होत असे. पलीकडच्या घरांत ऐकत पडलेल्या म्हातारीला तें उमगे. 'हिनें स्वतःचे शब्द कां वापरले नाहींत?' असा प्रश्न त्या म्हातारीच्या मनांतही येत नसे.

या ओव्यांचें मोल विद्वानांच्या ध्यानीं यावयास बराच काळ लागला. पुण्याच्या हेमा राईरकर, आणि जन्मानें फ्रेंच असून पुढें भारताचे नागरिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी पॉइतवाँ यांनीं १९८० नंतरच्या वर्षांत पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी खेड्यांतून, खेड्यांतीलच स्त्री-कार्यकर्त्यांच्या मदतीनें, ओव्या टिपून घेण्यास आरंभ केला. पुढें हें काम महाराष्ट्रभर पसरलें. हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत सर्वांपुढें येत आहेत. संग्राहकांनीं एक पथ्य पाळलें: ओवीबरोबर ती गाणारीचें नांव व गांव नोंदविलें. एकच कल्पना शेंकडों ओव्यांतून फिरत असली, तरी ती कोणाच्या तोंडून व कोठें आली हें कळल्यावांचून तिचा अर्थ पुरा होत नाहीं, ही त्यामागील जाण होती. ऐकलेले शब्द परत उच्चारणें म्हणजे निव्वळ पोपटपंची, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. त्याला मावळच्या जात्यानें हें असें उत्तर देऊन ठेवलेलें आहे.

तोच समज एका वेगळ्या ठिकाणीं मात्र फार महाग पडला. कांहीं मुलें इतरांचीं वाक्यें जशींच्या तशीं परत म्हणतात. आईनें विचारावें, "दूध पाहिजे का तुला?" आणि मुलानें त्याच स्वरांत म्हणावें, "दूध पाहिजे का तुला?" लोणावळ्याच्या फलाटावर ऐकलेली गाडीची सूचना तें रात्रीं अंथरुणांत म्हणतें, चिक्की विकणाऱ्याची हांक दुपारीं वर्गांत म्हणतें. दोन-अडीच वर्षांपर्यंत सगळींच मुलें थोडेंफार असें करतात. पण ज्या स्थितीला इंग्रजींत ऑटिझम आणि मराठींत स्वमग्नता हें नांव पडलें आहे, त्या स्थितींतील बोलूं लागलेल्या मुलांत ही लकब पुढेंही दीर्घकाळ टिकलेली फार आढळते. पाहुणे हंसतात, शिक्षक रागावतात, आणि आईबापांच्या मनांत एकच प्रश्न घर करून बसतो: हें मूल बोलतें आहे, कीं नुसता पडसाद उमटतो आहे? गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत वैद्यकानें या प्रश्नाचें उत्तर अनेकदां बदललें. तो इतिहास घरोघर समजून घेण्याजोगा आहे. कारण प्रत्येक उत्तराबरोबर मुलांना मिळणारी वागणूकही बदलत गेली.

या लकबीचें पाश्चात्त्य नांव 'इकोलॅलिया' असें आहे. त्यांतील 'इको' हा पडसाद या अर्थाचा ग्रीक शब्द. आणि त्याच नांवाची एक वनदेवता ग्रीक व रोमन पुराणांत आहे. रोमन कवि ऑव्हिड यानें इसवी सनाच्या आरंभीं 'मेटामॉर्फोसिस' या काव्यांत तिची कथा सांगितली. देवांच्या राणीच्या शापानें तिची वाणी गेली. दुसऱ्याच्या वाक्याचा शेवट तेवढा परत उच्चारण्याची मुभा उरली. पुढें एका तरुणावर तिचें मन जडलें. सोबत्यांपासून चुकलेला तो तरुण रानांत हांका मारीत असतां ती त्याच्याच वाक्यांचें शेपूट असें उचलते कीं, त्यांतून तिच्या मनींचें प्रेम व्यक्त व्हावें. कवीला जें दिसलें, तें नांव ठेवणाऱ्या डॉक्टरांना दिसलें नाहीं. १८८५ सालीं फ्रेंच डॉक्टर जिल द ला तुरेत यांनीं नऊ रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत अंगाला बसणारे झटके आणि अनिवार उच्चार यांच्या पंक्तीला 'इकोलॅलिया' बसविण्यांत आला. परत उच्चारणें हें रोगाचें लक्षण ठरलें. आणि लक्षणाला कोणी अर्थ विचारीत नाहीं.

१९४३ सालीं पहिल्या प्रथम या उत्तराला धक्का बसला. त्या वर्षीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांविषयीं एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या; आठ जणांना बोलतां येई, तिघें बोलत नसत. त्यांच्या आपल्यांतच राहण्याच्या वृत्तीला कॅनर यांनीं 'ऑटिस्टिक' हें विशेषण लाविलें, आणि त्यांचें बोलणें बारकाईनें टिपलें. ऐकलेलें वाक्य मूल लागलीच परत म्हणे, किंवा पुष्कळ दिवस लोटल्यावर म्हणे. 'मी'च्या जागीं 'तूं' येई. कारण इतर माणसें त्या मुलाला 'तूं' म्हणत, आणि मूल ऐकलें तसें सांठवी. 'होय' हा शब्द या मुलांना लवकर साधत नसे. होकार द्यावयाचा तर तीं प्रश्नच परत म्हणत. निबंधांतील पहिल्या मुलाची हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वडिलांनीं त्याला 'होय' म्हणावयास शिकविलें, तें 'होय म्हणालास तर खांद्यावर घेईन' असें सांगून. मुलगा 'होय' म्हणूं लागला. परंतु पुढें पुष्कळ दिवस त्या शब्दाचा त्याच्यापुरता अर्थ 'मला खांद्यावर घ्या' एवढाच होता. शब्द ज्या प्रसंगीं त्याला भेटला, तो प्रसंग हाच त्याचा शब्दकोश होता.

तीन वर्षांनीं, १९४६ सालीं, कॅनर यांनीं या मुलांच्या वरवर असंबद्ध भासणाऱ्या बोलण्यावरच एक निबंध लिहिला. त्यांतील एका लहान मुलाला कांहींही फेंकण्याची इच्छा झाली कीं, तो कुत्र्याला सज्जांतून खालीं टाकूं नये अशा अर्थाचें एक वाक्य स्वतःलाच बजावी. जवळ कुत्रा नसे, सज्जाही नसे. चौकशी केल्यावर उलगडा झाला: कांहीं वर्षांपूर्वीं एका हॉटेलांत राहत असतां त्यानें खेळण्यांतला कुत्रा सज्जांतून वारंवार खालीं टाकला होता, आणि तो उचलून आणतां आणतां थकलेल्या आईनें त्याला हेंच वाक्य सुनावलें होतें. याच मुलाची आई एकदां स्वयंपाकघरांत काम करतांना एक शिशुगीत म्हणत होती, तोंच तिच्या हातून पातेलें खालीं पडलें. तेव्हांपासून तसें पातेलें दिसतांच तो त्या गीतांतील शब्द उच्चारी. असंबद्धतेचा शिक्का ऐकणाऱ्यांनीं मारलेला होता. उगम सांपडला कीं वाक्य संबद्ध होई. आणि तो उगम सांगूं शकणारें माणूस बहुधा एकच असे, तें म्हणजे आई.

मराठी घरांत हा उगम शोधण्याला व्याकरणाचीही मदत होते. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाहीं. मराठी क्रियापदाला आहे. पांच वर्षांचा मुलगा 'मी आले', 'मी जाते' असें म्हणूं लागला, तर पुष्कळ घरांत त्याला हंसतात किंवा दटावतात. परंतु तें वाक्य त्यानें आईच्या तोंडून अखंड उचललें असावें, याची ती सरळ खूण आहे. तसेंच 'दूध पाहिजे का तुला?' हा त्याच्या दृष्टीनें कदाचित् प्रश्नच नसतो. दूध हातांत येण्यापूर्वी घरांत जें वाक्य नेहमीं उच्चारलें जातें, तें हें. भुकेलेला मुलगा तेंच उच्चारील, यांत नवल तें काय?

कॅनर यांनीं दाखविलेली ही वाट पुढें तीसेक वर्षें ओसाड पडली. कांहीं काळ या मुलांच्या स्थितीचा दोष आईबापांच्या कोरडेपणावर लादण्यांत आला. या मताचें बीज कॅनर यांच्या स्वतःच्या लेखनांतही होतें. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानें त्याचा फार प्रसार केला. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. त्यांनीं १९६४ सालींच त्या मताचें खंडन केलें होतें, पण तें सर्वत्र पोहोंचावयास वेळ लागला. वाक्यांचा उगम जिच्यापाशीं होता ती आईच आरोपी ठरली, तेव्हां तिला विचारणार कोण?

दुसऱ्या बाजूनें, १९६० नंतरच्या वर्षांत लॉस एंजेलिस येथें ओले इव्हार लोव्हास यांनीं बक्षीस व शिक्षा यांच्या साहाय्यानें मुलांना बोलावयास शिकविण्याचे प्रयोग चालविले. त्यांत खाऊ होता, तशी थप्पडही होती. १९६५ सालीं 'लाइफ' या साप्ताहिकानें त्यांचीं छायाचित्रें छापलीं. या पठडींत पुनरुक्ति ही शिकण्यांतील अडचण मानली गेली, आणि ती जितकी कमी होईल तितकी प्रगति समजण्यांत आली. तरीही याच पठडींतील एका अभ्यासानें १९७५ सालीं एक उपयुक्त गोष्ट नोंदविली. ज्या प्रश्नाचें उत्तर मुलाला ठाऊक असे, तेथें तें उत्तर देई. जो प्रश्न त्याला उमगत नसे, तो तें परत म्हणे. म्हणजे लागलीच केलेली पुनरुक्ति पुष्कळदां ऐकणाऱ्याला एवढेंच सांगत होती कीं, हें मला कळलें नाहीं. तें सांगण्याचा दुसरा मार्ग ज्याच्यापाशीं नाहीं, त्याला गप्प करणें म्हणजे शाळेंत हात वर करणाऱ्या मुलाचा हात बांधून ठेवणें होय.

१९८१ सालीं दृष्टि फिरली. वाचा व भाषा या विषयांचे तज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन यांनीं चार स्वमग्न मुलांच्या नित्य व्यवहाराचें चित्रण केलें. मूल काय म्हणालें एवढ्यावर न थांबतां, तें म्हणतांना कोणाकडे वळलें, हातांनीं काय करीत होतें, स्वर कसा होता, आधीं व नंतर काय घडलें, हें सारें त्यांनीं तपासलें. लागलीच केलेल्या पुनरुक्तीचे सात प्रकार त्यांना आढळले. कधीं मूल संभाषणांतील आपली पाळी घेत होतें. कधीं वस्तु दाखवून तिचें नांव सांगत होतें. कधीं होकार, तर कधीं मागणी. कधीं ऐकलेलें मनांत घोळवून मग उत्तर देत होतें. कधीं स्वतःलाच सूचना देऊन हातचें काम पुरें करीत होतें. कांहीं पुनरुक्ति हेतुशून्यही होती, हेंही त्यांनीं प्रामाणिकपणें लिहिलें. १९८४ सालीं प्रिझंट यांनीं पॅट्रिक रायडेल यांच्यासह पुष्कळ काळानें उमटणाऱ्या पुनरुक्तीचा असाच अभ्यास केला. तिचीं चौदा कार्यें निघालीं. कॅनर यांनीं एकेका वाक्याविषयीं जें दाखविलें होतें, तें आतां पद्धतशीरपणें मांडलें गेलें.

या दृष्टीला भाषा शिकण्याच्या अभ्यासाचीही जोड मिळाली. १९७७ सालीं अ‍ॅन पीटर्स यांनीं दाखविलें कीं, सामान्य मुलेंही दोन वाटांनीं भाषेंत शिरतात. कांहीं एकेक शब्द जोडीत जातात. कांहीं वाक्याचा संबंध तुकडा त्याच्या सुरासकट उचलतात आणि मग त्याचे भाग पाडावयास शिकतात. ज्या घरांत संध्याकाळीं परवचा म्हटला जाई, त्या घराला हें नवें वाटूं नये. 'तीस दिवस' आधीं तोंडपाठ होतात आणि तिथींचा उलगडा मागाहून होतो. स्वमग्न मुलांपैकीं पुष्कळ जण ही दुसरी वाट धरतात, असें प्रिझंट प्रभृतींनीं मांडलें. मार्ज ब्लँक यांनीं २०१२ च्या पुस्तकांत याच कल्पनेवर पायऱ्यापायऱ्यांची एक उपचारपद्धति उभारली. ती पुढें बरीच लोकप्रिय झाली. परंतु तिच्या परिणामांचा पुरेसा प्रयोगसिद्ध पुरावा मिळालेला नाहीं, असें तपासणी करणाऱ्या संशोधकांनीं बजावलें आहे. पुनरुक्तीला पुष्कळदां अर्थ असतो ही एक गोष्ट. अमुकच पद्धतीनें ती स्वतंत्र बोलण्यांत उतरेल ही दुसरी. पहिलीला चांगला आधार आहे. दुसरी ज्यांना कोणी विकूं पाहील, त्यांनीं पुरावा मागावा.

अर्थ हातचा कसा निसटतो, याचें एक उदाहरण अमेरिकन पत्रकार रॉन सस्किंड यांनीं २०१४ सालीं 'लाइफ, अ‍ॅनिमेटेड' या पुस्तकांत नोंदविलें आहे. त्यांच्या धाकट्या मुलाची वाचा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मावळली. पुढें तो कांहीं अस्फुट अक्षरें पुनःपुन्हां म्हणूं लागला. ती त्याच्या आवडत्या चित्रपटांतील, आपला आवाज देऊन टाकावा लागणाऱ्या सागरकन्येच्या कथेंतील, आवाजाविषयींचे शब्द आहेत, हें घरच्यांच्या ध्यानांत आलें. आनंदलेल्या आईबापांना तज्ज्ञानें सांगितलें कीं, ही केवळ इकोलॅलिया असावी. घरच्यांनीं तरीही धीर सोडला नाहीं. कालांतरानें ते त्या चित्रपटांतील पात्रांच्याच भाषेंत मुलाशीं बोलूं लागले, आणि तो उत्तरें देऊं लागला. ज्याची वाचा गेली त्यानें आवाज गमावण्याची कथा निवडावी, हें सीतेच्या वनवासाइतकेंच बोलकें आहे.

आपल्या देशांत या मुलांची दखल उशिरां घेण्यांत आली. १९९१ सालीं दिल्लींत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी राहिली, ती एका आईच्या पुढाकारानें. १९९५ च्या अपंगांविषयींच्या कायद्यांत स्वमग्नतेचें नांवही नव्हतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें तिला प्रथम स्थान दिलें, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांतील एकवीस प्रकारांत ती समाविष्ट झाली. कायद्यानें शाळेचें दार उघडलें. पण दारांतून आंत गेलेलें मूल शिक्षकाचाच प्रश्न शिक्षकाला परत ऐकवूं लागलें, तर काय करावें हें कायदा शिकवीत नाहीं. मराठी नांवानेंही थोडा घोटाळा केला आहे. 'स्वमग्न' म्हणजे आपल्यांतच बुडालेला. परंतु जें मूल आपल्या आईचें वाक्य तिच्या सुरासकट, लिंगवचनासकट जपून ठेवतें, तें इतरांकडे लक्ष देत नव्हतें असें कसें म्हणावें?

लोणावळ्याहून पुणें लोहमार्गानें सुमारें ६४ किलोमीटर आहे. मावळांतील एखाद्या आईनें मुलाला घेऊन लोकलनें पुण्याच्या तज्ज्ञाकडे जावयाचें म्हटलें, तर एका तासाच्या भेटीसाठीं दिवस मोडतो. तें जाणें आवश्यकच आहे. मुलाचें ऐकणें तपासून घ्यावें, वाचातज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि बोलण्याबरोबर चित्रें वा खुणा यांचाही उपयोग करावा. परंतु आठवड्याचे उरलेले सारे तास घरचे असतात, आणि वाक्यांचा उगमही घरचाच असतो. म्हणून खरें काम घरांतच व्हावयाचें आहे.

समजा, एका घरचीं माणसें कार्ल्याच्या एकवीरेच्या दर्शनाला गेलीं. पायऱ्यांवर गर्दी उसळली, आणि आईनें घाबऱ्या स्वरांत मुलीला बजावलें, "हात सोडूं नकोस हं." महिन्याभरानें दवाखान्यांत बाकावर बसलेली मुलगी एकाएकीं त्याच स्वरांत म्हणूं लागते, "हात सोडूं नकोस हं." भोंवतालचे लोक पाहतात, तिचा हात कोणीच धरलेला नसतो. "काय बडबडतेस, गप्प बस," असें म्हणणें सोपें. पण वाक्य कोठून आलें आणि तेव्हां काय वाटलें होतें, हें जिला आठवेल ती आई हात पुढें करील आणि म्हणेल, "भीति वाटते. आई जवळ आहे." मुलीची भीति तिनें ऐकली, आणि पुढच्या वेळीं उपयोगी पडेल असें एक आंखूड वाक्यही हातीं दिलें.

या एका प्रसंगांत बहुतेक सारें येऊन जातें. आधीं उगम शोधावा. मग शब्दांना उत्तर देण्याऐवजीं अर्थाला उत्तर द्यावें. मुलाला प्रश्नांवर प्रश्न विचारूं नयेत. जें त्यानें पुढें म्हणावें असें वाटतें, तें त्याच्याच बाजूनें म्हणून दाखवावें. "दूध पाहिजे का?" याऐवजीं दूध पुढें करतांना "मला दूध पाहिजे" असें म्हटलें, तर मूल जें उचलील तें त्याच्या तोंडीं शोभेल. तुकडा रुळला कीं त्यांत एक शब्द बदलून पाहावा: "मला चिक्की पाहिजे." बोलून झाल्यावर थांबावें, उत्तराला या मुलांना वेळ लागतो. आणि जी पुनरुक्ति केवळ मन शांत करण्यासाठीं आहे, ती राहूं द्यावी. मोठीं माणसेंही रामनाम जपतात, त्यांना कोणी त्याचा हेतु विचारीत नाहीं.

याला एक साधी वही फार उपयोगी पडते. एका रकान्यांत मुलाचें वाक्य जसेंच्या तसें. दुसऱ्यांत तें प्रथम कोठें, कोणाच्या तोंडून आलें असावें. तिसऱ्यांत तें आज केव्हां उच्चारलें गेलें. राईरकर आणि पॉइतवाँ यांनीं ओवीबरोबर गांव आणि गाणारी नोंदविली, तीच ही रीत. पंधरा दिवसांत पुष्कळ गोष्टी उलगडतात. तीच वही शाळेंतल्या बाईंना दाखविली, तर वर्गांतला राग कमी होतो. कधीं ती याहून मोठेंही काम करते. ज्या मुलाला 'दुखतें' म्हणतां येत नाहीं, तें कदाचित् गेल्या वर्षीं इंजेक्शन घेतांना ऐकलेलें वाक्य म्हणतें. तें वाक्य सकाळपासून दहा वेळां आलें आणि त्याचा उगम कोणाच्याच ध्यानांत आला नाहीं, तर दुखणें अंगावर निघतें.

ओवी आणि या मुलांचें बोलणें यांत अंतर आहे, तेंही लपवूं नये. जात्यावरची स्त्री ओवी गाऊन झाल्यावर शेजारणीशीं साध्या गोष्टी करूं शके; तिला निवड होती. या मुलापाशीं पुष्कळदां तेवढी निवड नसते. प्रत्येक पुनरुक्तीला गूढ अर्थ असतो असेंही नाहीं, आणि अर्थ सांपडला म्हणून स्वतंत्र बोलणें येईलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. परंतु दोन्हीकडे एक नियम समान आहे. उसन्या शब्दांत सांगितलेलें आपलें मन कळावयाचें, तर ऐकणाऱ्याला त्या शब्दांचा मागचा प्रवास ठाऊक असावा लागतो. ऐकणारा नसेल, तर तेच शब्द पडसाद होतात. डॉक्टरांनीं दीर्घकाळ मुलांची वाणी तपासली. तपासावयाचें होतें तें ऐकणाऱ्यांचें कसब.

मावळांतील जातीं आतां बहुतेक घरांत कोपऱ्याला लागलीं आहेत. ज्यांच्या कंठांत ओव्या होत्या त्यांपैकीं कित्येक जणी गेल्या. ज्यांचें कोणी वेळेवर ऐकलें व लिहून ठेवलें, त्यांच्या ओव्या तेवढ्या राहिल्या. मुलाचें बालपण त्याहूनही लवकर सरतें. त्याच्या वाक्यांचा उगम आज घरांतील एका-दोघांनाच आठवत असेल, आणि चार वर्षांनीं त्यांनाही आठवणार नाहीं. म्हणून वही आजच उघडावी. पहिल्या ओळींत तारीख घालावी, आणि तिच्याखालीं सकाळपासून ज्या वाक्यानें घर हैराण झालें असेल तें वाक्य, एकही अक्षर न सुधारतां, लिहून ठेवावें.